साथ आली, परीक्षा लटकली आणि छातीत धडधडायलंय, तेव्हा

सांगलीच्या विश्रामबागेत माझी अभ्यासिका आहे. मार्च 2020 मध्ये तिला कुलूप लागलं आणि पोरं आपापल्या गावी गेली, कुणी तासगावला, कुणी जतला, कुणी विट्याला. मग रात्री अकरानंतर फोन यायला लागले. तेव्हा फोनवर जे सांगत होते, तेच इथे लिहितेय. पुन्हा अशी साथ आली तर हाताशी असावं. मी डॉक्टर नाही; जिथे डॉक्टर लागतो तिथे तसं लिहिलंय.

सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीचे. "काकू, श्वास अडकायलाय ओ. कोरोना झालाय का मला?" अशा वेळी अंदाज नको, मोजा. बोट गार असेल तर चोळून गरम करा, नेलपॉलिश असेल तर पुसा, ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावून ऑक्सिजनचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. मग घरातच सपाट जागी सहा मिनिटं चाला आणि परत मोजा. आकडा 94 च्या खाली आला किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त घसरला तर सरळ दवाखाना गाठा. बसल्याजागीच धाप लागत असेल तर ही चाचणी करायचीच नाही, लगेच निघायचं. छातीत कळ येत असेल तरीही तेच.

आकडा ठीक आहे, ताप-खोकला नाही, पण हाताला मुंग्या, ओठ बधिर, काळीज धडधडतंय? बहुतेक वेळा ही घाबरल्याची लक्षणं असतात. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या येतात. चार मोजत नाकाने श्वास आत घ्या, सहा मोजत सावकाश सोडा. असा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो. पहिल्यांदाच असं झालं असेल तर एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी शंका राहत नाही. आणि तो ऑक्सिमीटर नंतर आईकडे द्या. दर पाच मिनिटांनी बोट घालून बसणारी पोरं मला माहीत आहेत. त्याने धडधड वाढतेच.

आता परीक्षा. 2020 ला फायनल इयरवाल्यांचे काय हाल झाले ते आठवा. राज्य सरकार म्हणतंय परीक्षा नाही. 6 जुलैला यूजीसी, म्हणजे दिल्लीचा विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणाली, सप्टेंबरअखेर घ्याच. भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 28 ऑगस्टला निकाल आला: हवं तर तारीख पुढे न्या, पण परीक्षेशिवाय पदवी नाही. तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवं परिपत्रक फिरत होतं, खरं कुठलं आणि खोटं कुठलं कळायला मार्ग नव्हता. म्हणून दिवसातून एकदाच, जेवणानंतर वगैरे, शिवाजी विद्यापीठाची वेबसाइट उघडायची. तिथे नसेल तर ती बातमी नाही. ग्रुप म्यूट करा. ग्रुप सोडायची गरज नाही, सोडला की लोक का म्हणून विचारत बसतात. तारखेवर टाइमटेबल बांधू नका, ती हलली की सगळंच कोसळतं. आज एक युनिट, एवढंच ठरवा.

रेंजसाठी गच्चीवर चढून बसणाऱ्यांना आणि तिघा भावंडांत एक मोबाइल असणाऱ्यांना वेगळी धास्ती असते, हजेरीची. सरांना एकच मेसेज टाका: "सर, घरी एकच फोन आहे, दुपारी बहिणीचा तास असतो. नोट्स ग्रुपवर मिळतील का?" कारण दिलं की मास्तर लोक ऐकतात, हा माझा अनुभव.

पण रात्रीच्या फोनवर थोडा वेळ बोलत बसलं की खरी गोष्ट बाहेर यायची, ती पैशाची. लॉकडाऊन ऐन द्राक्षाच्या हंगामात लागला. व्यापारी येईना, माल बेदाण्याला घालावा लागला. बाप काही बोलत नाही आणि पोरगं मनातल्या मनात हिशेब करत बसतं. बापाला विचारा. दिवसाउजेडी, चहाच्या वेळी, वही घेऊन. फी किती, कधीपर्यंत, कॉलेज हप्ते देईल का, महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या वेबसाइटवर, स्कॉलरशिपचा फॉर्म भरलाय का. आकडा वाईट असला तरी कागदावर आला की त्यावर काही करता येतं.

योगा, छंद, सकारात्मक विचार हे सांगणारे पुष्कळ आहेत. माझं एवढंच, उठायची वेळ बदलू नका. झोप कधीही लागो.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, पुस्तक उघडवत नाही, असं असेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. आणि मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच क्षणी 14416 लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा 2022 पासून आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. काय बोलायचं सुचत नसेल तर "मला भीती वाटतेय, कुठून सुरू करू कळत नाही" एवढं म्हणा, पुढचं ते विचारतात. मित्राने असं काही बोलून दाखवलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच्या घरी फोन करा. "कुणाला सांगू नको" म्हणाला असला तरी करा. चिडेल, चिडू दे.