माजी सैनिकांनो, वय आडवं येत नाही

चाळिशीला टेकलेले अनेक माजी सैनिक वयोमर्यादा वाचूनच जाहिरात बाजूला टाकतात. तसं करू नका. केंद्राच्या गट 'क' (कारकुनासारख्या पदांच्या) भरतीत प्रत्यक्ष वयातून लष्करी सेवा वजा करतात. उरलेलं वय मर्यादेपेक्षा 3 वर्षांनी जास्त असलं तरी चालतं. 39 वय, 20 वर्षं नोकरी, म्हणजे हिशोबाला तुम्ही 19 वर्षांचे! दहावी पास असून 15 वर्षं सेवा झाली असेल, तर तांत्रिक पात्रता न मागणाऱ्या गट 'क' पदांना पदवी नसणंही आडवं येत नाही.

एक मेख मात्र आहे. माजी सैनिकांच्या राखीव कोट्यातून सरकारी नोकरीत रुजू झालात की आरक्षण संपतं. म्हणून रुजू होण्याआधी कुठे-कुठे अर्ज केलेत ते तारखांसह, जिथे रुजू होताय त्या कार्यालयाला लेखी कळवा. त्या अर्जांपुरता हक्क शाबूत राहतो. पोच घ्यायला विसरू नका.