अमेरिकेतल्या मतदानाचे आकडे शोधताय? या चुका टाळा

अमेरिकेत निवडणूक झाली की आठवड्याभरात मला ओळखीच्या विद्यार्थ्यांचे आणि पत्रकारांचे मेसेज सुरू होतात. "सर, अमेरिकेत मतदान किती टक्के झालं? पटकन एक आकडा द्या ना." मी उलट विचारतो, "कशाच्या किती टक्के?" पलीकडे शांतता. अर्ध्या तासाने तोच माणूस कुठून तरी उचललेला आकडा लेखात टाकून मोकळा झालेला असतो.

तर आधी ही छेदाची गोष्ट. शाळेत अपूर्णांक सगळेच शिकतात, पण मतदानाची टक्केवारी हाती आली की अंश तेवढा बघतात, छेद कुणी बघत नाही.

2020 ची अध्यक्षीय निवडणूक घ्या. अध्यक्षपदासाठी सुमारे 15 कोटी 84 लाख मतं पडली. हा अंश, यावर फारसा वाद नाही. 18 वर्षांवरच्या सगळ्या लोकसंख्येने भागलं तर टक्केवारी येते 61 ते 62. पण त्या लोकसंख्येत नागरिक नसलेले लाखो लोक आहेत आणि शिक्षेमुळे मताधिकार गेलेलेही आहेत. ते वगळून फक्त पात्र लोकांनी भागलं तर हीच टक्केवारी 66 च्या वर जाते. यादीतल्या सक्रिय मतदारांनी भागलं (त्या वर्षी ते सुमारे 20 कोटी 90 लाख होते) तर 75 पार. मतं तीच, निवडणूक तीच, आकडे तीन, आणि तिन्ही बरोबर. चुकतो तो एका लेखातला 61 आणि दुसऱ्या लेखातला 66 शेजारी ठेवून "मतदान वाढलं" म्हणणारा.

आपल्याकडचे लोक इथे हमखास घसरतात. भारतात टक्केवारी मतदार यादीवर काढतात. 2024 च्या लोकसभेला ती सुमारे 66 होती. अमेरिकेची 2024 ची पात्र लोकसंख्येवरची टक्केवारी 64 च्या आसपास. झालं, "आपण अमेरिकेच्या दोन पावलं पुढे" असा मथळा तयार. अहो, एकाचा छेद यादी, दुसऱ्याचा पात्र माणसं. ज्याचं नाव यादीतच नाही तो आपल्या हिशेबात मोजलाच जात नाही, त्यांच्या हिशेबात मोजला जातो. मग यादीवरची टक्केवारी घेऊन तुलना करावी, तर तिथे वेगळाच घोळ. अमेरिकेतल्या 1993 च्या कायद्यानुसार, माणूस घर सोडून गेला असावा असा नुसता संशय आला म्हणून नाव कापता येत नाही. नोटीस पाठवायची, उत्तर आलं नाही तर दोन सार्वत्रिक निवडणुका थांबायचं, मग कापायचं. तोपर्यंत ते नाव 'निष्क्रिय' म्हणून यादीत पडून राहतं. काही काउंट्यांची (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यादी प्रौढ नागरिकांच्या संख्येपेक्षा मोठी दिसते ती बऱ्याचदा यामुळे. ते बघून "बोगस मतदार सापडले" म्हणून नाचणारेही मी पाहिलेत. आणि नॉर्थ डकोटात मतदार नोंदणी हा प्रकारच नाही, तिथे यादीवरची टक्केवारी काढणार कशी?

माझी सवय अशी की कागदावर टक्केवारी लिहिण्याआधी छेद शब्दांत लिहायचा. 'पात्र', 'प्रौढ', 'सक्रिय यादी'. तो लिहिता आला नाही तर आकडा वापरायचा नाही. पात्र लोकसंख्येच्या अंदाजासाठी मी फ्लोरिडा विद्यापीठातले प्राध्यापक मायकल मॅकडोनाल्ड यांची राज्यवार आकडेवारी घेतो. वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने एकाच माणसाने ठेवलेला हिशेब मला दहा ठिकाणांहून गोळा केलेल्या आकड्यांपेक्षा बरा वाटतो.

अमेरिकेच्या जनगणना विभागाचा मतदानाचा तक्ता उघडलात तर त्यात असेच दोन छेद शेजारी-शेजारी बसलेले दिसतील. 2020 साठी सगळ्या प्रौढांवर 61.3 टक्के, प्रौढ नागरिकांवर 66.8 टक्के. घाईत डावीकडचा कॉलम उचलणारे खूप. शिवाय हे आकडे पेटीतून आलेले नाहीत. नोव्हेंबरमध्ये घरोघरी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर आहे, आणि बऱ्याचदा घरातला एकच जण सगळ्यांच्या वतीने ते देतो. न केलेलं मतदान "केलं" म्हणून सांगणारे असतात. उलट, ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांना विभाग 'मतदान न केलेले' धरतो. अराम हुर आणि क्रिस्तोफर एकन या अभ्यासकांनी 2013 मध्ये यावर बोट ठेवलं आणि दुरुस्तीची रीतही दिली. वय, वंश, शिक्षण यांप्रमाणे मतदान बघायचं असेल तर या पाहणीला पर्याय कमी आहेत, तेव्हा जरूर वापरा. राज्याचा एकूण आकडा मात्र तिथून घेऊ नका.

−99 ची गोष्ट

आता माझी स्वतःची फजिती. 2000 साली फ्लोरिडात मतमोजणीचा जो गोंधळ झाला त्यानंतर 2002 च्या कायद्याने इलेक्शन असिस्टन्स कमिशन स्थापन झालं. 2004 पासून हे कमिशन दर दोन वर्षांनी देशभरातल्या स्थानिक निवडणूक कार्यालयांना एक लांबलचक प्रश्नावली पाठवतं. किती टपाली मतपत्रिका पाठवल्या, किती परत आल्या, किती नाकारल्या, मतदान केंद्रं किती, कर्मचारी किती. हजारो ओळींची ही फाइल फुकट मिळते. निवडणूक यंत्रणा कशी चालते हे समजून घ्यायला तिच्याइतकी दुसरी चांगली फाइल मला माहीत नाही.

एका संशोधन गटासाठी मी 2020 च्या नाकारलेल्या टपाली मतपत्रिकांची राज्यवार बेरीज करत होतो. एका राज्यात नाकारण्याचं प्रमाण कमालीचं कमी आलं. गट खूश. त्यांनी त्या राज्याच्या कारभारावर अर्धं पान कौतुक लिहिलं, मीही मान डोलावली. दोन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी तो कॉलम चढत्या क्रमाने लावला आणि वरच्या ओळीत दिसलं −99. खाली −99. माउसचं चाक फिरवत राहिलो, −99 संपेचनात.

या फाइलमध्ये −99 म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही' आणि −88 म्हणजे 'लागू नाही'. त्या राज्यात निवडणुका गावपातळीवर होतात, त्यामुळे ओळी खूप. छोट्या गावात नाकारलेल्या मतपत्रिका दोन-तीन. उत्तर न देणारं एक गाव बेरजेतून 99 वजा करत होतं, म्हणजे शेजारच्या तीस-चाळीस गावांचा हिशेब खात होतं. जुन्या फाइलींमध्ये याच कामासाठी −999999 असायचं. ते परवडलं, कारण बेरीज थेट उणे कोटीत जायची आणि आंधळ्यालाही दिसायची. −99 गुपचूप पोखरतं. ते कौतुकाचं अर्धं पान मागे घेण्याची ईमेल लिहिणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात लाजिरवाणं काम.

तेव्हापासून नवी फाइल उघडली की प्रत्येक कॉलम आधी चढत्या आणि मग उतरत्या क्रमाने लावून डोळ्यांनी बघतो. कंटाळवाणं आहे. कोड लिहून दोन सेकंदांत होतं, हेही माहीत आहे. तरी डोळ्यांनीच बघतो. आणि कृपा करून −99 च्या जागी शून्य घालू नका. "सर, मी क्लीन केलं" म्हणत हे करणारे दर वर्षी भेटतात. शून्य म्हणजे एकही नाकारली नाही, −99 म्हणजे कुणी सांगितलं नाही. जागा रिकामी ठेवा आणि बेरजेशेजारी किती कार्यालयांनी उत्तर दिलं तेही लिहा.

बाकीच्या चुका, पटापट

फेडरल इलेक्शन कमिशन हा तिथला 'निवडणूक आयोग' नाही. ते प्रचाराच्या पैशावर लक्ष ठेवतं आणि निकाल संकलित करून छापतं. निवडणुका राज्यं आणि काउंट्या घेतात.

निकालाच्या रात्रीचे आकडे वापरू नका. कॅलिफोर्निया आठवडेच्या आठवडे मोजत बसतं. प्रमाणित निकाल येईपर्यंत थांबा.

2018 ची 2016 शी तुलना नको. 2016 ची अध्यक्षीय होती, 2018 ची मध्यावधी (अध्यक्षाच्या मुदतीच्या मधोमध येणारी, जिच्यात अध्यक्षपद नसतं). मध्यावधीची मध्यावधीशीच करा.

एमआयटीच्या इलेक्शन लॅबची काउंटीवार फाइल उत्तम, पण 2020 ला काही राज्यांत 'एकूण' अशी ओळच नाही, टपाली आणि प्रत्यक्ष मतं वेगवेगळ्या ओळींत आहेत. फक्त 'एकूण' गाळून घेतलंत की ती राज्यं गायब.

नॉर्थ कॅरोलायनाची मतदार यादी आणि कुणी कधी मतदान केलं याची नोंद (कुणाला केलं याची नाही) फुकट मिळते. नवशिके लगेच त्यावरून दहा वर्षांपूर्वीचं मतदान काढायला बसतात. मधल्या काळात वारलेले, राज्य सोडून गेलेले सगळे आजच्या यादीत असतीलच असं नाही. त्या वेळची जुनी फाइल शोधा.

काउंटीचा कोड एक्सेलमध्ये आकडा म्हणून उघडू नका. लॉस एंजेलिसचा 06037 आहे, एक्सेल त्याचा 6037 करतं आणि मग दोन फाइलींची जोडणी करताना अख्खं कॅलिफोर्निया गळतं. अलाबामा, ॲरिझोना, कोलोरॅडोचंही तेच. कनेक्टिकटमध्ये तर 2022 पासून जनगणना विभागाने 8 काउंट्यांऐवजी 9 नियोजन विभाग धरायला सुरुवात केली, त्यामुळे जुने कोड नव्या लोकसंख्येला जुळतच नाहीत.

आणि अलास्का. तिथले निकाल विधानसभेच्या मतदारसंघांप्रमाणे जाहीर होतात, इतर राज्यांसारखे काउंटीप्रमाणे नाहीत. तरी दर वेळी कुणी तरी काउंटीवार नकाशा मागतंच. मी अख्खं अलास्का एकाच रंगात रंगवून देतो आणि खाली बारीक अक्षरांत कारण लिहितो. आजवर एकानेही ते वाचून फोन केलेला नाही.