आदर्श एमएमओ मिळून आखताय? या चुका टाळा

आमच्या गेमच्या आराखड्याच्या फाइलची 112 पानं झाली होती. आम्ही सहा जण: तिघं पुण्यात, दोघं नाशिकला, एक म्युनिकला. राज्यांचे नकाशे तयार होते, नऊ घराण्यांच्या वंशावळी लिहून झाल्या होत्या, चौदा प्रकारच्या तलवारींना नावंही मिळाली होती. एका रात्री कॉलवर आमच्यातल्या एकाने विचारलं, "मी गेम उघडला. पहिल्या दहा मिनिटांत मी काय करतो?" सहा जणांनी सहा उत्तरं दिली. त्यातली दोन एका गेममध्ये नांदूच शकली नसती.

एमएमओ, म्हणजे हजारो माणसं एकाच जगात आपापलं पात्र घेऊन वावरतात असा रोल-प्लेइंग गेम, आखणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड काम आहे. तरी हौशी मंडळींनी ते मिळून करावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून आम्ही जिथे जिथे अडलो ते लिहितेय, सोबत मोठे गेम त्याच जागी कसे अडले होते तेही.

फाइल फुगतेय, गेम दिसत नाही

असं झालं की समजा, प्रत्येक जण आपल्या मनातला गेम त्या फाइलमध्ये ओततोय. या सगळ्या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे मड, 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी उभा केलेला, नुसत्या मजकुरावर चालणारा गेम. पुढे 1996 मध्ये बार्टल यांनी खेळाडूंचे चार स्वभाव मांडले. कोणी लेव्हल आणि बक्षिसं मिळवायला येतो, कोणी जग धुंडाळायला, कोणी माणसांत बसायला, आणि कोणी दुसऱ्याला लोळवायला. आमच्या सहा जणांत हे चारही होते, आणि प्रत्येकाला आपलीच आवड म्हणजे 'गेम' वाटत होती.

एकाची मजा दुसऱ्याच्या मुळावर कशी येते, हे अल्टिमा ऑनलाइनने दाखवलं. 1997 मध्ये तो आला तेव्हा शहराबाहेर पाऊल टाकलं की कोणीही कोणालाही मारून लुटू शकत असे. काहींसाठी तो थरार होता, आणि नुकत्याच आलेल्या माणसासाठी गेम सोडायचं कारण. शेवटी 2000 मध्ये जगाचे दोन भाग करावे लागले: फेलुकात जुने नियम, ट्रॅमेलमध्ये संमतीशिवाय मारामारी बंद. तो निर्णय बरोबर होता का, यावर जुने खेळाडू आजही भांडतात. मुरलेल्या टीमला हा प्रश्न सोडवायला जवळपास तीन वर्षं लागली. तुमच्या हातात एकही खेळाडू नसताना तो सोडवणं फार स्वस्त पडतं.

आम्ही केलेला उपाय असा. फाइल बंद केली. प्रत्येकाने एकच पान लिहायचं: 'मंगळवारी रात्री 9 ते 10 या वेळात मी गेममध्ये काय केलं.' त्यात फीचर लिहायची नाहीत, कथानक लिहायचं नाही. फक्त तो एक तास. मग सगळ्यांनी एकमेकांची पानं मोठ्याने वाचायची. चार पानांत माणसं एकमेकांकडे काहीतरी न्यायला किंवा मागायला गेली होती, म्हणून आम्ही व्यापार आणि भटकंती धरली. दुसऱ्या पानावर 'या गेममध्ये काय नसेल' ते लिहिलं: आखाड्याबाहेर खेळाडूंची आपसात लढाई नसेल, उडणारी वाहनं नसतील, रोज हजेरी लावल्याचं बक्षीस नसेल. ज्याला लढाईच हवी होती त्याला हे लागलं, आणि लागणारच. त्याच्याशी त्याच रात्री फोनवर बोललो, दुसऱ्या दिवसावर ढकललं नाही. आखाड्याचे सगळे नियम त्याच्या हाती दिले आणि तिथे शेवटचा शब्द त्याचा असं ठरवलं. कामाच्या प्रत्येक भागात शेवटचा शब्द एकाचाच असू द्या. सहा जणांच्या मतदानात कोणाचंच काही गळत नाही, आणि फाइल पुन्हा फुगायला लागते.

सोनं साठतंय, कारागीर बेकार

मला सगळ्यात जास्त ज्यावर बोलायचंय ते हे, कारण इथली चूक कागदावर दिसतच नाही.

अल्टिमा ऑनलाइनचंच उदाहरण घ्या. त्यांनी आधी बंदिस्त अर्थव्यवस्था आखली होती. जगातला एकूण कच्चा माल ठरलेला, एकीकडे वापरला गेला की दुसरीकडे परत उगवणार. प्राण्यांचीही साखळी होती, लांडगे सशांच्या मागे जाणार वगैरे. कल्पना आजही वाचली की सुंदर वाटते. पण खेळाडूंनी वस्तू पेट्यांमध्ये भरून ठेवल्या, माल जगात परत यायचा थांबला, आणि नवीन काही उगवेना. प्राणी तर दिसेल तो मारला गेला. लांडगा कोणाच्या मागे लागतोय हे बघायला कोणी थांबलंच नाही. दोन्ही गोष्टी बदलाव्या लागल्या.

उलटी चूक जास्त ठिकाणी होते: राक्षस मारला की सोनं नव्यानेच जन्माला येतं, आणि ते जायला वाट नसते. मग सगळ्यांकडे पैसा, आणि भाव इतके चढलेले की नवा आलेला माणूस साधी ढाल घेऊ शकत नाही. आखताना दोन रकाने करा, जगात सोनं कुठून येतं आणि जगातून कुठे नाहीसं होतं. एका खेळाडूने दुसऱ्याला दिलेलं सोनं यात धरू नका, ते जगातच राहतं. नाहीसं होणं म्हणजे दुरुस्तीचा खर्च, नाक्यावरचा कर, घराचं भाडं.

एवढं लिहून आम्ही समाधानी होतो. मग नाशिकच्या मैत्रिणीने एका रविवारी आम्हा चौघांना घरी बोलावलं, आणि म्युनिकवाला फोनवर. तिच्या आजीच्या डब्यात चिंचोके होते, ते सोनं. कवड्या म्हणजे लोखंड. लोहार, सुतार, वैद्य आणि तीन भटके, अशा भूमिका वाटल्या. एक फेरी म्हणजे गेममधला एक दिवस. पहिल्या चार फेऱ्या लोहाराने मजेत कमाई केली. सहाव्या फेरीला तिन्ही भटक्यांकडे तलवार झाली होती. सातव्या फेरीपासून लोहार हात बांधून बसला, कारण तलवार कधी मोडतच नव्हती. 112 पानांमध्ये 'तलवार झिजते' हे वाक्य कुठेही नव्हतं. वैद्याकडे मात्र रांग, कारण औषध वापरलं की संपतं.

आम्ही नियम बदलला: पाच लढायांनंतर तलवार बोथट, दुरुस्तीला एक कवडी आणि दोन चिंचोके, आणि त्यातला एक चिंचोका परत डब्यात, म्हणजे जगाबाहेर. पुन्हा वीस फेऱ्या खेळलो. या वेळी लोहार शेवटपर्यंत कामात होता, पण सुताराचं तेच दुखणं निघालं. संध्याकाळपर्यंत तीन नियम फाडून नव्याने लिहिले. ओळभरही कोड न लिहिता.

तुमचा एखादा धंदा बेकार पडत असेल तर आधी हे बघा: त्याने बनवलेली वस्तू संपते का, झिजते का, की एकदा घेतली की जन्माची झाली?

शंभर जण जमले की सगळं गोठतं

'हजार खेळाडूंची लढाई' हे वाक्य लिहायच्या आधी गणित करा. एका मैदानात 40 जण असतील आणि प्रत्येकाला बाकी 39 जणांची हालचाल कळवायची असेल, तर एका वेळेला 1,560 निरोप. 400 जण असतील तर 1,59,600. माणसं दहापट, निरोप शंभरपट, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा.

अंतराळ-जहाजांच्या ईव्ह ऑनलाइन या गेमने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. लढाईत गर्दी झाली की तिथला काळच मंद होतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे गेममधलं एक मिनिट जगायला बाहेरची दहा मिनिटं. जानेवारी 2014 मध्ये त्यातल्या बी-आर5आरबी या तारामंडळातली लढाई अशीच सुमारे 21 तास चालली आणि 75 टायटन, म्हणजे सगळ्यात मोठ्या वर्गातली जहाजं, नष्ट झाली. सर्व्हर मान टाकण्यापेक्षा सगळे मिळून हळू झाले. रुनस्केप या गेमचा ठोका, म्हणजे जग एकदा पुढे सरकायला लागणारा वेळ, तर मुळातच 0.6 सेकंदांचा आहे. छोट्या टीमने अशी संथ लय निवडण्यात काहीही कमीपणा नाही. व्यापार-भटकंतीच्या गेमला ती शोभतेही.

भार फक्त माणसांचा नसतो. फायनल फँटसी चौदा 2010 मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्यातल्या एका फुलाच्या कुंडीला माणसाच्या पात्राएवढेच पॉलिगॉन (ज्यांपासून त्रिमितीय चित्र बनतं ते छोटे तुकडे) होते. मग पडद्यावर माणसांची संख्या कमी ठेवावी लागणारच. तो गेम नाओकी योशिदा या नव्या दिग्दर्शकाच्या हाती गेला, 2012 मध्ये जुने सर्व्हर बंद झाले आणि 2013 मध्ये तो नव्याने उभा राहिला. तुमच्या चित्रकाराला पहिल्याच आठवड्यात सांगा: एका पडद्यावर किती माणसं दिसायला हवीत. आकडा चित्रकाराच्या टेबलावर चिकटवून ठेवा.

आणि खेळाडूच्या मोबाइलने सांगितलं म्हणून सोनं वाढवू नका. हिशोब सर्व्हरचाच. यात तडजोड नाही.

नियम बरोबर, तरी खेळाडू चिडतात

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट 2004 मध्ये येण्याआधीच्या चाचणीत असा नियम होता की फार वेळ खेळलात की अनुभवाचे गुण निम्म्याने मिळणार. लोक खवळले. टीमने आकड्यांचा मेळ तोच ठेवला, पण सुरुवातीच्या काळाला 'विश्रांती घेतलेला, दुप्पट गुण' म्हटलं आणि नंतरच्या काळाला साधा दर. तक्रार थांबली. आमच्याकडे 'ओझं जास्त झालं की चाल मंद' असा नियम होता. तो आम्ही 'हलका प्रवासी, वेगवान चाल' असा केला. चिंचोक्यांवर खेळणाऱ्या त्याच माणसांनी त्याचं कौतुक केलं.

दोन नियम वेगवेगळ्या माणसांनी लिहिले असतील तर ते एकमेकांसमोर ठेवून बघा. सप्टेंबर 2005 मध्ये वॉरक्राफ्टमध्ये एका बॉसचा (बलाढ्य राक्षसाचा) संसर्गजन्य शाप त्याच्या तळापुरता राहायला हवा होता. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांना तो लागला, प्राणी परत बोलावल्यावर शहरात आले, आणि साथ पसरली. रोगांच्या साथींचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढे त्यावर लिहिलं. शाप आणि पाळीव प्राणी, दोन्ही नियम आपापल्या जागी ठीकच होते.

खेळाडूंना विचारावं का?

विचारावं, पण कशावर विचारताय ते आधी ठरवून. 2013 मध्ये सुरू झालेल्या ओल्ड स्कूल रुनस्केपने नव्या गोष्टी खेळाडूंच्या मतदानाला टाकायची पद्धत पाडली, आणि कित्येक वर्षं 75 टक्के होकार लागत असे. साध्या बहुमतावर न थांबल्यामुळे लोकांच्या प्रिय गोष्टी सहजासहजी मोडल्या गेल्या नाहीत. उलट स्टार वॉर्स गॅलक्सीज या एमएमओने नोव्हेंबर 2005 मध्ये पात्रांचे धंदे आणि लढाईची पद्धत एका झटक्यात बदलली, तेव्हा ज्यांनी वर्षं घालून आपली ओळख घडवली होती त्यांना आपलं घरच हलवल्यासारखं वाटलं. आमच्याकडे अजून खेळाडू फार नाहीत, पण नियम लिहून ठेवलाय: कोणाचाही धंदा त्याला न विचारता काढून घ्यायचा नाही.

नाव देवनागरीत लिहिलं की मोडतं

मराठीत गेम करणाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी भेटतं. आमच्या पहिल्या चाचणीत पात्राच्या नावाला दहा अक्षरांची मर्यादा होती. एका मुलीने आजीचं नाव टाकलं, ज्ञानेश्वरी. गेम म्हणाला, नाव फार लांब. डोळ्यांना दिसतात चार अक्षरं, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, ती अकरा चिन्हं होतात, आणि यूटीएफ-8 या नेहमीच्या पद्धतीने साठवली की 33 बाइट जागा घेतात. मर्यादा दिसणाऱ्या अक्षरांवर मोजा, चिन्हांवर किंवा बाइटवर मोजू नका. नाहीतर नाव मध्येच कापलं जातं आणि शेवटी लोंबता हलन्त उरतो.

दुसरं, काही गेम इंजिनांमध्ये (गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये) ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. 2023 मध्ये आलेल्या गोडो 4 या इंजिनमध्ये जोडाक्षरं नीट जुळवायची सोय आहे. इंजिन कुठलंही घ्या, निवडण्याआधी त्यात पाच शब्द टाकून बघा: किल्ला, शक्ती, ऱ्हास, कृष्णा, ज्ञानेश्वरी. आम्ही हे आठव्या महिन्यात केलं, आणि इंजिन बदलावं लागलं. आता त्या मुलीच्या पात्राच्या डोक्यावर तिच्या आजीचं नाव पूर्ण दिसतं, आणि तिचं वैद्याचं दुकान बाजारपेठेत सगळ्यात जास्त चालतं.