जीपला जादा लाईट लावायच्या आधी अल्टरनेटरचा हिशोब करा

ताम्हिणीच्या मागच्या बाजूला एका कच्च्या वाटेवर जुलै महिन्यात रात्री साडेअकराला माझी जुनी डिझेल जीप बंद पडली, म्हणजे चिखलात क्लच जरा लवकर सुटला एवढंच, पण परत सेल्फ मारला तर नुसता टक् आवाज. पुढे १०० वॉटचे चार हॅलोजन दीड तास जळत होते, वायपर चालू, काचेवर वाफ धरते म्हणून ब्लोअर चालू, आणि गाडी सगळा वेळ लो रेशोत (फोर व्हीलचा अगदी सावकाश, जोरदार ओढणारा गिअर) पहिल्या गिअरला रांगत होती. लाईट लावून देणाऱ्याने सांगितलं होतं मोठी बॅटरी टाका मग काही टेन्शन नाही. मोठी बॅटरी टाकलीच होती, ती फक्त थोडी उशिरा उतरली.

बॅटरी ही टाकी आहे आणि पाणी भरणारा पंप म्हणजे अल्टरनेटर. पंप तेवढाच ठेवून टाकी मोठी केली तर ती रिकामी व्हायला वेळ लागतो, होते मात्र नक्की.

अल्टरनेटरच्या अंगावरच्या पट्टीवर अँपिअर लिहिलेले असतात, माझ्या जीपला ४५ आहेत. पण हा आकडा तो जोरात फिरतो तेव्हाचा, म्हणजे हायवेला. आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू) त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतात, कधी त्याहूनही कमी. आणि ऑफरोडला आपण रांगतो ते आयडलिंगच्याच आसपास ना, सगळे लाईट चालू असतात तेही तेव्हाच. म्हणून हिशोब करताना ४५ धरू नका, २० धरा.

आता खर्च. वॉटला साडेतेराने (इंजिन चालू असतानाचे व्होल्ट) भागलं की अँपिअर मिळतात. हेडलाईट अप्परला (लांबचा झोत) ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे ९ अँपिअर, पार्किंग टेललाईट मीटर मिळून ३, वायपर ४, ब्लोअर फुल स्पीडला ८, मोबाईलचा चार्जर आणि किरकोळ धरून अजून ३. झाले २७, म्हणजे जादाचा एकही लाईट न लावता आयडलिंगला आपण ७ अँपिअर तोट्यात. त्यात माझे चार हॅलोजन ४०० वॉट, म्हणजे ३० अँपिअर. तूट गेली ३५ च्या वर, दीड तासात ५० अँपिअर-तासांहून जास्त, ८० ची बॅटरी मग सेल्फ कसा ओढणार.

कागदावरचा हिशोब झाला की गाडीवर मोजा. साधा मल्टीमीटर बॅटरीच्या टर्मिनलला लावा, इंजिन आयडलिंगला, मग एकेक करून सगळं चालू करत जा. १३.५ ते १४.४ व्होल्टच्या मधे असेल तर उत्तम, १३ च्या खाली घसरायला लागलं की सावध व्हा, आणि १२.५ दिसायला लागले म्हणजे गाडी बॅटरीवरच चालली आहे. क्लॅम्प मीटर असेल तर अजूनच सोपं, बॅटरीच्या जाड वायरला चिमटा लावला की करंट आत जातोय की बाहेर ते समोर दिसतं (मीटर डीसी मोजणारा घ्या, स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवतात). व्होल्टेज आधीच कमी येत असेल तर लाईट राहू द्या, आधी बेल्ट सैल आहे का बघा आणि इंजिन ते चासीची अर्थची पट्टी सोडवून घासून परत बसवा. जुन्या जीपमधे निम्मं दुखणं त्या गंजलेल्या पट्टीतच असतं.

लाईट घेताना माझं सरळ मत आहे, १०० वॉटचे हॅलोजन आता घेऊच नका. खरोखर २० वॉट ओढणारे दोन चांगले एलईडी लावले तरी रांगायला भरपूर उजेड पडतो आणि खर्च फक्त ३ अँपिअर. खरोखर अशासाठी म्हटलं की खोक्यावर १८० वॉट लिहिलेला लाईट बार प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही ओढत नाही असं मी स्वतः मोजलंय, त्यामुळे दुकानातच बॅटरीला लावून अँपिअर बघा. आणि धुक्यासाठी टपावर बार लावू नका, घाटातल्या पावसात समोर पांढरी भिंत उभी राहते. बंपरच्या उंचीला खाली बघणारे दोन पिवळे लाईट तिथे जास्त कामाचे.

वायरिंगला कंजुषी नको. हेडलाईटच्या वायरला जोड मारून लाईट लावायचे नाहीत म्हणजे नाहीत. बॅटरी प्लसपासून वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, तिथून रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, पायांवर नंबर असतात) ३० नंबरला, ८७ वरून लाईटला, ८६ ला स्विच, ८५ अर्थ. ४० वॉटच्या एलईडीला १.५ स्क्वेअर एमएम वायर आणि साडेसातचा फ्यूज पुरतो, ५५ वॉटचे दोन हॅलोजन असतील तर २.५ ची वायर आणि १५ चा फ्यूज. बारीक वायर नुसती तापत नाही, उजेडही खाते, हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड तीस टक्के जातो. स्विचला करंट अप्परच्या वायरवरून घ्या म्हणजे डिपर मारला की जादाचे लाईट आपोआप बंद (काही गाड्यांत हेडलाईट अर्थच्या बाजूने स्विच होतो, आधी मीटरने तपासा). पिवळे फॉग मात्र वेगळ्या स्विचवर आणि वेगळ्या रिलेवर, त्यांना करंट चावीवरून, म्हणजे चावी काढल्यावर काही चालू राहत नाही. थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) नीट दाबून क्रिम्प करा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट, आणि रिलेचं तोंड खाली, नाहीतर पहिल्याच ओढ्यात पाणी आत.

नव्या गाडीत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर लाईटची अर्थ तिथे टर्मिनलवर लावू नका, चासीवर लावा, नाहीतर गाडीला हा खर्च कळतच नाही आणि चार्जिंगचं गणित चुकतं.

डांबरी रस्त्यावर आलात की लाईटवर झाकणं घाला, समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला दोन सेकंद काहीच दिसत नाही आणि घाटात दोन सेकंद खूप होतात. पुढच्या बाजूला स्पॉटलाईट लावायला केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १११ प्रमाणे, मनाईच आहे, अपवादाला आरटीओची परवानगी लागते, तेव्हा लावायच्या आधी तिथे विचारून घ्या.

माझ्या जीपला आता दोन एलईडी आणि दोन पिवळे आहेत, सगळं चालू करून आयडलिंगला तोटा होतोच, १२-१३ अँपिअरचा. म्हणून ब्लोअर एकवर ठेवतो, हॅण्ड थ्रॉटल (हाताने रेस वाढवायची दांडी) किंचित ओढून ठेवतो, आणि डॅशबोर्डला छोटा व्होल्टमीटर चिकटवलाय. १२.८ दिसले की पिवळे बंद करतो.