तळावलीचं सांताना चर्च नीट कसं पाहावं

जुन्या गोव्यातली मोठी चर्च बघून बहुतेक जण तिथूनच परततात. पण गोमंतकीय बरोक, म्हणजे युरोपातून आलेली भव्य, नक्षीदार बांधकामाची शैली, खऱ्या अर्थानं फुलली ती गावांमध्ये. तिचा सर्वांत देखणा नमुना तिसवाडी तालुक्यात, जुन्या गोव्याच्या दक्षिणेला, तळावलीत उभा आहे. सांताना म्हणजे संत आना, मेरीची आई. फ्रान्सिस्कु दु रेगु या पाद्रींनी १६८१ मध्ये बांधकाम सुरू केलं आणि आंतोनियु फ्रान्सिस्कु द कुन्हा यांनी १६९५ मध्ये ते पूर्ण केलं. मधल्या काळात, नोव्हेंबर १६८३ मध्ये, संभाजी महाराजांच्या फौजेनं तिसवाडीतलाच जुवे बेटावरचा किल्ला घेतला होता. अशा धामधुमीच्या काळातली ही इमारत आहे.

जाताना पाच मीटरची टेप, दुर्बीण, विजेरी आणि एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. गावातली चर्च एरवी बंद असतात, म्हणून सकाळची मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, संपण्याच्या वेळेला पोहोचा आणि आत जायला पाद्रींची परवानगी घ्या.

सुरुवात लांबून करा. इमारतीच्या उंचीच्या निदान दीडपट अंतरावर उभे राहा. जवळून वरचे मजले आखडलेले दिसतात आणि प्रमाणाचा अंदाज चुकतो. आता दर्शनी भिंतीवरचे आडवे पट्टे खालून वर मोजा. गोव्यात सहसा तीन मजल्यांची दर्शनी भिंत दिसते, इथे पाच आहेत, आणि दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे. अभ्यासकांच्या मते हा थाट जुन्या गोव्यातल्या ऑगस्टीनियन पंथाच्या चर्चवरून आला. त्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा १९३१ मध्ये पडला. उरलेला ४६ मीटरचा सुळका आधी बघून मग तळावलीला या. तिथे काय गेलं, ते इथे कळतं.

उंची मोजायची तर सावलीची पद्धत पुरते. सपाट जमिनीवर काठी सरळ उभी धरा आणि तिची सावली मोजा. लगेच भिंतीच्या सर्वांत उंच टोकाची सावली कुठे पडली आहे ते शोधा आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून तिथपर्यंत अंतर मोजा. समजा, काठीची सावली ०.८ मीटर आणि भिंतीची २० मीटर आली, तर उंची २५ मीटर. दोन मोजमापांत पाच मिनिटांहून जास्त वेळ गेला की आकडा बिघडतो, कारण सावली सरकत असते. शिवाय भिंतीच्या पायापासून काटकोनात मोजू नका, सावली ज्या दिशेला तिरकी पडली आहे त्याच दिशेला मोजा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

यानंतर बाजूला वळा. इथेच बरोकचं मर्म उलगडतं. समोरून भव्य दिसणारी भिंत म्हणजे एक उंच पडदा असतो, त्यामागचं कौलारू छप्पर बरंच खाली असतं. छपरावर मंगळुरी कौलं दिसली तर ती मूळची समजू नका. ती कौलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, त्याआधी नळीची कौलं असत. दरवाजाच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी टेपनं मोजा. सांतानाच्या भिंती आतून पोकळ ठेवल्या आहेत. भाविकानं त्या पोकळीतून येऊन पापांची कबुली द्यावी, म्हणजे गोव्याच्या बोलीत कुमसार करावा, अशी ती योजना.

आता भिंतीच्या अगदी जवळ जा. गोव्यातली ही बांधकामं जांभ्याची. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर टणक होतो, पण त्याची छिद्रं बुजत नाहीत. कोकणच्या पावसात उघडा चिरा पाणी पितो आणि हळूहळू भुगा होऊन झडतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा. हा गिलावा शोभेचा नाही, तो भिंतीची कातडी आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात बाल्ताझार काश्त्रु यांनी काढायला लावला, आणि आज उघड्या जांभ्याची झीज हीच त्या इमारतीची मोठी चिंता आहे. त्याच बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरचं नक्षीकाम मात्र वसईहून आणलेल्या काळ्या दगडात आहे, ते टिकून आहे. दगडाचा फरक एवढा नजरेत भरतो!

गिलावा तपासायचा तर दुपारी चारच्या सुमारास, ऊन तिरकं असताना. फुगवटे तेव्हाच दिसतात. फुगीर जागी बोटाच्या पेरानं हलकेच टकटक करा. पोकळ आवाज आला तर थर चिऱ्यापासून सुटलाय. पायाशी लालसर भुकटी दिसली तर आतला जांभा झडतोय. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत ओलीचा पट्टा असेल तर पाणी खालून चढतंय, आणि पट्टा वरून खाली ओघळलेला असेल तर कौल किंवा पन्हळ फुटली आहे. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी हे ओळखायला हवं. सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर उपटू नका, मुळासकट दगड निघतो. पाद्रींच्या कानावर घाला.

डागडुजी सिमेंटनं केलेली असेल तर ती राखाडी आणि काचेसारखी कडक दिसते. आतली ओल तिथून बाहेर पडू शकत नाही, कडेनं वाट काढते आणि शेजारचा जुना गिलावा ढकलून पाडते. योग्य दुरुस्ती म्हणजे विरवून मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग, एकेक थर साधारण १० ते १२ मिलिमीटर. काम पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं आणि निदान आठवडाभर भिंत ओली ठेवावी. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं सावकाश घट्ट होतो, घाईनं वाळवला तर तडकतो. वरून सफेतीचे तीन-चार पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात.

आत गेल्यावर लगेच फोटो काढू नका. पाचेक मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग कमानी छताकडे आणि वेदीकडे बघा. गोव्यातल्या वेद्यांवर पिळाचे खांब, वेली, शिंपल्याच्या आकाराचे कोनाडे दिसतात. काही चर्चमध्ये प्रवचनपीठाच्या तळाशी नागिणींसारख्या आकृत्या असतात, त्या विजेरीच्या तिरक्या उजेडात बघाव्यात. फ्लॅश नको. लाकडाखाली बारीक पिवळसर भुसा पडलेला असेल तर कीड लागली आहे.

शक्य असेल तर दुसरी फेरी २६ जुलैच्या आसपास करा. तेव्हा इथे तवशांचं फेस्त असतं, मूल व्हावं म्हणून जोडपी सांतानाला काकड्या वाहतात. पाऊस भरात असतो. छत्री घेऊन इमारतीला एक प्रदक्षिणा घाला आणि पाणी कुठून उतरतंय, कुठल्या पट्टीवर साचतंय, कुठे भिंतीला चाटून जातंय ते वहीत खुणा करून ठेवा. उन्हाळ्यात टिपलेले डाग या खुणांशी ताडून बघितले की प्रत्येक डागाचं कारण सापडतं.