भाडेपट्ट्यातील विकल्पाचे कलम: सहीपूर्वीची आणि नोटिशीपूर्वीची तयारी

दुकानाचा गाळा किंवा कार्यालय भाडेपट्ट्याने घेताना मसुद्यातले विकल्पाचे कलम, म्हणजे भाडेकरूला हवे तर मुदत वाढवून घेण्याचा किंवा जागा विकत घेण्याचा हक्क देणारे कलम, सर्वांत आधी वेगळे काढून वाचावे. 'उभय पक्षांच्या संमतीने ठरेल त्या भाड्याने पट्टा वाढवता येईल' हे वाक्य आपल्याकडच्या मसुद्यांत सर्रास आढळते, पण त्यातून भाडेकरूच्या पदरात काहीच पडत नाही, कारण मालकाने संमती नाकारली की विषय तिथेच मिटतो. म्हणून पुढील मुदतीचे भाडे आकड्यात, निदान 'चालू भाड्यावर 15 टक्के वाढ' अशा स्पष्ट हिशेबात लिहून घ्यावे. 'मुदतवाढ' आणि 'नूतनीकरण' या शब्दांचीही सरमिसळ होऊ देऊ नये: मुदतवाढीत जुनाच पट्टा पुढे चालतो, तर नूतनीकरणाला नवा दस्त करावा लागतो आणि मुदत एक वर्षाहून अधिक असल्यास तो नोंदवावाही लागतो.

मुद्रांक शुल्काचा हिशेब सहीपूर्वीच करावा. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद 36 नुसार पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या 10 टक्के रकमेवर, तर त्यापुढे दहा वर्षांपर्यंत 25 टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने शुल्क लागते. नूतनीकरणाचा कालावधी स्पष्ट लिहिलेला असेल, तर तोही त्याच पट्ट्याचा भाग धरला जातो. म्हणजे पाच अधिक पाच वर्षे लिहिली की शुल्क दहा वर्षांचे. ते टाळण्यासाठी कलम मोघम ठेवण्याचा सल्ला देणारे भेटतात, पण ही काटकसर महागात पडते, कारण मोघम कलमातून वर सांगितल्याप्रमाणे भाडेकरूला हक्कच मिळत नाही.

जागा बँकेकडे गहाण आहे का, हे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) काढून तपासावे आणि मालकालाही लेखी विचारावे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 65-अ प्रमाणे गहाणदाराने (जागा गहाण ठेवलेल्या मालकाने) दिलेल्या पट्ट्यात नूतनीकरणाची अट घालता येत नाही. गहाणखतात वेगळी मुभा नसेल, तर बँकेची लेखी संमती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सर्वांत जास्त काळजी तारखेची घ्यावी. पट्टा 31 मार्च 2027 रोजी संपत असेल आणि नोटीस 'किमान तीन महिने अगोदर' द्यायची असेल, तर डिसेंबरची वाट न पाहता ती नोव्हेंबर 2026 मध्येच करारात लिहिलेल्या पत्त्यावर, लिहिलेल्या पद्धतीने पाठवावी आणि पोचपावती दस्तासोबत ठेवावी. कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या खटल्यात नूतनीकरणाची मागणी दोन महिने अगोदर करायची होती. ती उशिरा झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरू कंपनीला दिलासा नाकारला. भाडे थकवलेले नसणे, ही अटही बहुधा त्याच कलमात असते, तेव्हा नोटिशीआधी पावत्या जुळवून घ्याव्यात.

खरेदीचा विकल्प असल्यास 'बाजारभावाने' एवढ्यावर भागवू नये. मूल्यांकन कोण करणार, कोणत्या तारखेचे धरणार आणि भरलेल्या भाड्यापैकी काही रक्कम किमतीत वळती होणार का, हे मसुद्यातच उतरवावे. साठेखताप्रमाणेच (पुढे विक्री करण्याच्या कराराप्रमाणेच) नुसत्या विकल्पाने मालकी येत नाही. मालकाने जागा तिसऱ्यालाच विकली आणि त्याने प्रामाणिकपणे, मोबदला देऊन, विकल्पाची कल्पना नसताना ती घेतली, तर त्याच्याविरुद्ध विकल्प बजावता येत नाही. मात्र विकल्प असलेला दस्त नोंदवलेला असला की माहिती नसल्याची सबब त्या खरेदीदाराला सांगता येत नाही. करारात पूर्ततेची तारीख नसेल, तर मालकाच्या नकाराची माहिती मिळाल्यापासून दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत सुरू होते, म्हणून नकाराचे पत्र ज्या पाकिटातून आले ते पाकीटही तारखेचा पुरावा म्हणून फाइलला लावावे.