कांद्यावर एम.एस्सी. करायचीय? विषय नंतर, आधी चाळ पाहून या

कांदा-लसणावर संशोधन करायचं ठरवलेली मुलं-मुली दर वर्षी एकच विचारतात: विषय कोणता घेऊ? माझं उत्तरही ठरलेलं आहे. विषय राहू द्या. ज्यांच्या हाताखाली काम करणार आहात त्यांच्या कांदाचाळीत जा आणि विचारा, गेल्या उन्हाळ्यातले निवडलेले मातृकंद, म्हणजे बी धरण्यासाठी राखलेले कांदे, ठेवलेत का? उत्तर ‘नाही’ आलं, तर पैदाशीचा विषय घेऊ नका. गाईड कितीही मोठे असोत.

कांदा द्विवर्षायू आहे हे आपण परीक्षेत एका ओळीत लिहून टाकतो. तीच ओळ सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याच्या, वेळापत्रकात घालून बघा. रब्बीचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचं, डिसेंबर-जानेवारीत रोपं लावायची, एप्रिल-मेमध्ये माना पडल्या की काढणी. मग कांदा पावसाळाभर चाळीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कंद परत जमिनीत, थंडीत डेंगळे (फुलांचे दांडे) येतात, त्यांवर फुलांचे गोंडे फुलतात आणि पुढच्या एप्रिल-मेमध्ये बी हातात. म्हणजे उळं टाकल्यापासून नवं बी हातात येईपर्यंत दीड वर्ष. पदवी दोन वर्षांची, त्यातलं पहिलं सेमिस्टर तासांमध्ये जातं.

माझा विषय नरवंध्यत्वाचा होता, म्हणजे ज्या झाडांचे पराग निकामी असतात त्यांचा. मेंटेनर झाडं, म्हणजे ज्यांच्याशी संकर केला की नरवंध्यत्व पुढच्या पिढीत टिकतं ती, शोधायची. त्यासाठी नरवंध्य झाडाचा संकर एकेका सुपीक झाडाशी करायचा, त्या सुपीक झाडाचं स्वपरागीकरणही करून ठेवायचं आणि पुढची पिढी पूर्ण नरवंध्य निघते का ते पाहायचं. कागदावर सुरेख दिसतं. पण ‘पाहायचं’ म्हणजे फुलात पाहायचं, आणि त्या पिढीला फूल कधी येणार? संकर फेब्रुवारीत केला तर बी मेमध्ये, रोपं हिवाळ्यात, कंद पुढच्या मेमध्ये, आणि फूल त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत. फुलापासून फुलापर्यंत पूर्ण दोन वर्षं, तीही वाटेत काही बिघडलं नाही तर. ‘होऊन जाईल दोन वर्षांत’ असं मला सांगितलं गेलं. महिने मांडून कुणीच दाखवले नाहीत. मधल्या पावसाळ्यात चाळीत निवडक कंदांना कोंब आले, काही सडले, आणि नेमके महत्त्वाचे कंद गेले. मुदतवाढ, आक्रसलेला विषय, घरच्यांचे प्रश्न... ते दिवस आठवले की आजही पोटात गोळा येतो.

हे पीक असंच आहे. कांद्याचे पैदासकार हेन्री जोन्स यांना कॅलिफोर्नियात डेव्हिस इथं 1925 मध्ये ‘इटालियन रेड’ कांद्याचं एक नरवंध्य झाड सापडलं. त्याला स्वपरागीकरणानं बी धरत नव्हतं, म्हणून गोंड्यात येणाऱ्या बारीक कंदिकांवर ते जिवंत ठेवलं. त्यामागची आनुवंशिकता त्यांनी सहकारी क्लार्क यांच्यासोबत प्रसिद्ध केली 1943 मध्ये. जगातल्या संकरित कांद्याचा पाया या कामानं घातला, आणि त्याला 18 वर्षं लागली. तुमचे चार सेमिस्टर अपुरे पडले तर तुम्ही कमी हुशार आहात असं मुळीच नाही.

आता शॉर्टकटबद्दल. कुणीतरी सांगेल, कंद होऊच देऊ नका, आगाप लागवड करून त्याच हिवाळ्यात डेंगळे आणा. बी मिळतं हे खरं. पण कंद न पाहता निवडलेलं बी म्हणजे लवकर डेंगळे येणाऱ्या झाडांची निवड, आणि शेतकऱ्याला नेमकं तेच नको असतं. दुसरा सल्ला येतो न उमललेल्या कळ्यांपासून हॅप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली, रोपं तयार करण्याचा. तंत्र चांगलं आहे, पण यश वाणागणिक प्रचंड बदलतं. प्रयोगशाळेत हे आधीच बसलेलं नसेल तर एम.एस्सी.त त्याच्या नादी लागू नका. संपूर्ण जनुकसंच वाचण्याचं तर नावच नको. कांद्याचा जनुकसंच माणसाच्या सुमारे पाचपट मोठा आहे.

घाबरू मात्र नका, दोन वर्षांत नीट बसणारं कामही भरपूर आहे. नरवंध्यत्वच आवडत असेल तर पेशीद्रव्याचा प्रकार (नरवंध्यत्व आणणारा की साधा) पानातल्या डीएनएवरून, पीसीआर करून (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या प्रती काढून), रोपावस्थेतच कळतो. नरवंध्यत्व ठरवणाऱ्या केंद्रकातल्या जनुकाचे मार्कर (डीएनएवरच्या खुणा) मात्र तुमच्या वाणात चालतात का ते आधी तपासा. तिखटपणावर काम करायचं तर पायरुविक आम्लाची पद्धत 1961 पासून वापरात आहे आणि खर्चिक नाही. कांदा ठेचल्यावर अ‍ॅलिनेज विकरामुळे (एन्झाइममुळे) तिखटपणासोबत पायरुविक आम्लही बनतं. ते विकर काम पुरं करेपर्यंत थांबायचं, आणि विकर आधीच निकामी केलेला दुसरा नमुना सोबत ठेवायचा. तो नसेल तर कांद्यात मुळात असलेलं पायरुविक आम्लही तुम्ही तिखटपणात मोजता. शिवाय जमिनीतल्या गंधकानं तिखटपणा बदलतो, म्हणून माती तपासल्याशिवाय वाणांची तुलना करू नका.

लसणात पिढीचा घोळ नाही. पाकळी लावली की एका रब्बीत पीक हाती येतं. पण आपल्याकडच्या लसणाला बी येत नाही, तेव्हा संकर विसरा. वाणनिवड, विषाणूमुक्त रोपं, साठवण हे विषय घ्या. सूक्ष्मदर्शकाची आवड असेल तर कांद्याचं मूळ आहेच. 2n=16, म्हणजे पेशीत 16 गुणसूत्रं, तीही मोठी आणि स्पष्ट. स्वीडनच्या अल्बर्ट लेव्हान यांनी 1938 मध्ये कोल्चिसिनचा (पेशीविभाजन अडवणाऱ्या रसायनाचा) परिणाम याच मुळांवर दाखवला, आणि पाण्यातल्या प्रदूषकांची चाचणी आजही अशीच करतात. याला कुणी ‘बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल’ म्हणून हिणवलं तर लक्ष देऊ नका.

गाईड निवडताना मी पेपरांची यादी शेवटी पाहीन. ज्यांच्याकडे जुने कंद लेबलांसकट नीट ठेवलेले आहेत, त्यांच्याकडे जा. आणि चाळ सांभाळणाऱ्या मामांशी आधी बोला. कोणती ओळ ऑगस्टातच कोंब काढते हे त्यांना तोंडपाठ असतं. राजगुरुनगरचं कांदा व लसूण संशोधन संचालनालयही एकदा पाहून या, तिथला रानटी जातींचा संग्रह पाहिला की या कुळाचा आवाका लक्षात येतो.

यंदा प्रवेश घेत असाल तर एक काम लगेच करा. प्रवेशप्रक्रिया लांबली की रब्बीचं उळं टाकायची वेळ निघून जाते आणि अख्खं वर्ष जातं. गाईड ठरल्याबरोबर फोन करा, नोंदणीची वाट न बघता तुमच्या नावानं दोन गादीवाफे टाकून ठेवायची विनंती करा. आणि बी यंदाचंच आहे ना, तेही विचारा. कांद्याचं बी साध्या पिशवीत वर्षभर राहिलं की त्याची उगवण झपाट्यानं घसरते.